आफ्रिकेचं जंगल बघायला निघण्यापूर्वी

(मंडळाच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या सचिवांनी मला सांगितलं होतं की केनियाचे फोटो दाखवा आणि दोन शब्द बोला. फोटो दाखवायचा मला संकोच आहे. आमच्याकडे पंधराशे फोटो आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत सिंहाची फक्त शेपटी आली आहे. शिवाय फोटो आजकाल सगळ्यांकडेच असतात. आम्ही २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाऊन आलो तेव्हापासून मला मंडळातून आणि ऑफिसातून जे फोन येतात, ते फोटोंसाठी नसतात. प्रश्न ठरलेले असतात. केनिया बरं की टांझानिया? लॉज कुठलं घेतलंत? एजंट कोण? आणि शेवटी आवाज खाली आणून, ‘किती लागले हो?’ म्हणून आज फोटो बाजूला ठेवतो आणि निवड कशी करायची, एवढ्यावरच बोलतो.

माझी यातली पात्रता एकच. अंबत्तूरच्या कारखान्यात मी तीसेक वर्षं खरेदी विभागात काढली. कोटेशनं मागवणं, त्यांचा तुलनात्मक तक्ता करणं आणि सप्लायरच्या कारखान्यात जाऊन माल नक्की कोण बनवतो ते बघणं हेच माझं आयुष्य. तिथे शिकलेली गोष्ट अशी, की गुळगुळीत कागदावरच्या चित्रावरून माल घेऊ नये, आणि नुसतं सर्वांत कमी कोटेशन बघूनही घेऊ नये. काम शेवटी कोण करणार आणि बिघडलं तर जबाबदार कोण, हे आधी विचारावं. सफारीलाही हाच नियम लागू आहे, पण तो मला फार उशिरा कळला. त्यासाठी आधी आफ्रिकेला नव्हे, मसिनागुडीला जावं लागेल.

आपल्यापैकी बहुतेक जण मुदुमलई-मसिनागुडीला जाऊन आलेले आहात. आम्हीही मुलं शाळेत असताना, २००९ च्या सुमारास गेलो होतो. रिसॉर्ट छान होतं. समोर डोंगर, शेकोटी, गरम जेवण. रात्री तिथल्या माणसाने विचारलं, ‘नाइट सफारी?’ आम्ही जीपमध्ये बसलो. मोठा टॉर्च मारून त्याने हत्ती दाखवले. मुलं खूश, आम्ही खूश. ती रात्रीची फेरी बेकायदेशीर होती, हे विचारायचं आम्हाला सुचलंही नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. सिगूरच्या पठारावरून हत्तींची जाण्यायेण्याची वाट आहे. तामिळनाडू सरकारने २०१० साली ती वाट अधिसूचित केली, मद्रास हायकोर्टाने २०११ साली ते उचलून धरलं, २०१८ साली सुप्रीम कोर्टाने तिथली रिसॉर्टं सील करायला सांगितली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हायकोर्टाचा निर्णय कायम केला. दोन डझनांहून जास्त रिसॉर्टांना टाळं लागलं. आमचं ते छान रिसॉर्टही त्यातच होतं. मग जानेवारी २०२१ मध्ये मसिनागुडीला एका हत्तीवर पेटता टायर फेकल्याचा व्हिडिओ आला. तो हत्ती मेला. ज्या जागेतून तो टायर फेकला गेला, तिथे परवान्याशिवाय पाहुणे ठेवत होते. तो व्हिडिओ बघून आमची धाकटी म्हणाली, ‘बाबा, आपणपण असल्याच ठिकाणी राहिलो होतो ना?’ मी काहीच बोललो नाही. पैसे मोजून सगळं रीतसर घेतलं, अशी माझी समजूत होती. माल मात्र न तपासताच उचलला होता.

म्हणून केनियाचं ठरलं तेव्हा मी घरी जाहीर केलं की या वेळी खरेदी विभागासारखं काम होईल. सौ. म्हणाली, ‘म्हणजे सहा महिने जाणार.’ आठ गेले.

आता मुद्द्यांकडे येतो. पहिला मुद्दा, केव्हा जायचं.

आपली पहिली चूक इथेच होते. तामिळनाडूत शाळांना मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणून आपण तेव्हाची तिकिटं बघतो. पूर्व आफ्रिकेत साधारण मार्चअखेरपासून मेपर्यंत मोठा पावसाळा असतो. लॉजचे दर तेव्हा उतरतात आणि जाहिरातीत ‘समर स्पेशल’ म्हणून तेच विकलं जातं. मारातली बरीच माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या रेगूर मातीसारखी काळी, चिकट आहे. त्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी रुतल्यावर काय होतं, हे गावाकडच्या मंडळींना सांगायला नको. जीपचंही तेच होतं. हिरवळ सुंदर असते, गर्दी नसते, हे खरं. पण जाणार असाल तर हे माहीत असून जा.

विल्डबीस्टचे कळप जुलैअखेर ते ऑक्टोबरच्या सुमारास मारात असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तेच कळप टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला एनडुटूकडे असतात आणि तिथे त्यांची हजारो पिलं जन्माला येतात. म्हणजे पोंगलला जोडून रजा मिळत असेल तर टांझानिया, ऑगस्टमध्ये मिळत असेल तर केनिया. आम्ही ऑगस्टचा दुसरा आठवडा धरला आणि गणपतीच्या आधी घरी परतलो. ऑफिसातले दोघे सहकारी २०२५ च्या फेब्रुवारीत टांझानियाला गेले. दोघेही आम्हाला सांगतात की त्यांचीच निवड बरोबर होती. आम्हीही त्यांना तेच सांगतो.

आणखी एक. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत. त्यामुळे काही कार्यक्रमपत्रिकांत सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी असं बिनधास्त लिहिलेलं असतं. प्राण्यांना हद्द नाही, आपल्याला आहे. दोन्हींमधला तिथला रस्ता पर्यटकांसाठी १९७७ पासून बंद आहे. इसेबानियाच्या नाक्याने वळसा घालून जावं लागतं, आणि सरहद्दीवर गाडीही बदलते, कारण केनियाची सफारीची गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही. जो एजंट हे आधी सांगत नाही, तो स्वतः तिकडे गेलेला नाही असं खुशाल समजा. आठ-नऊ दिवस असतील तर माझ्या मते एकच देश करा.

दुसरा मुद्दा लॉजचा. आपण लॉज बघतो म्हणजे काय बघतो? स्विमिंग पूल, बाथरूम आणि जेवणाचे टेबल. हे सगळं बघाच, पण त्याआधी नकाशा उघडा. लॉज उद्यानाच्या आत आहे, गेटाला लागून आहे की गेटापासून तासभर दूर? मसाई मारात १ जुलै २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. हे माणशी, आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांसाठी. लॉज तासभर दूर असेल तर त्या बारांतले दोन तास रस्त्यात गेले. स्वस्त लॉजमध्ये वाचलेले पैसे असे निघून जातात. शिवाय कोटेशनमध्ये हे शुल्क धरलं आहे का, कोणत्या दराने आणि किती दिवसांचं, ते लेखी विचारा. आम्हाला आलेल्या पाच कोटेशनांपैकी दोघांनी ऑगस्टच्या सहलीला जुना दर लावला होता. कागदावर तेच सर्वांत स्वस्त दिसत होते. फरक आम्ही गेटावर भरला असता.

आता लॉज कोणाच्या जमिनीवर आहे, हा प्रश्न. हा मला मसिनागुडीने शिकवला. माराच्या मुख्य राखीव क्षेत्राला लागून ‘कॉन्झर्व्हन्सी’ आहेत. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशी त्यांची नावं. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. कुटुंबं एकत्र येऊन ती प्राण्यांसाठी मोकळी ठेवतात, कुंपण घालत नाहीत, आणि तिथले तंबूवाले त्यांना दरमहा भाडं देतात. ठरावीक एकरांमागे एकच तंबू, त्यामुळे गर्दी कमी. रात्रीची फेरी तिथे नियमानुसार होते, चोरून नव्हे. दर मात्र चढे असतात. आम्हाला सगळे दिवस तिथे राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन रात्री गेटाजवळच्या साध्या तंबूत, अशी वाटणी केली. अकरा जणांतल्या प्रत्येकाला विचाराल तर आठवण त्या पहिल्या दोन रात्रींची सांगतील.

तंबू म्हटल्यावर आमच्या वहिनींनी आधी नकारच दिला होता. पण हे तंबू आत पलंग, न्हाणीघर आणि कमोड असलेले असतात. विचारायचं ते एवढंच, की वीज किती वाजेपर्यंत, गरम पाणी किती वाजता, आणि ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना जेवणाच्या जागेजवळचा तंबू मिळेल का. रात्री कुंपणाशिवायच्या तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नसतं. तिथला राखणदार सोबत येतो. ज्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, त्यांनी न्हाणीघर तंबूच्या आतच आहे ना, हे नक्की करून घ्यावं. हसू नका, सत्तरीतल्या काकांना हा प्रश्न सिंहापेक्षा मोठा असतो.

जेवणाची काळजी मात्र करू नका. चपाती केनियाचा रोजचा पदार्थ आहे आणि तिथेही तिला चपातीच म्हणतात. दुकानाला ‘डुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, त्याच्या या खुणा. शाकाहारी किती आणि कांदा-लसूण न खाणारे किती, हे महिनाभर आधी कळवलं की आपली सोय होते.

तिसरा मुद्दा गाडीचा. याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो आणि दिवसाचे आठ-नऊ तास तिथेच बसतो. वर उघडणाऱ्या टपाची, चारही चाकांना जोर असलेली लँड क्रूझर की मिनीबससारखी व्हॅन, हे विचारा. प्रत्येकाला खिडकी मिळेल का, हे विचारा. आम्ही अकरा जण, दोन जीप केल्या. एकीत पाच, दुसरीत सहा. एका एजंटने व्हॅनमध्ये जास्त माणसं बसवून माणशी बऱ्यापैकी कमी दर दिला होता. मधल्या सीटवर बसून समोरच्याच्या टोपीचा अभ्यास करायला एवढ्या लांब जायची गरज नाही.

नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास. विमानाने गेलात तर विल्सन विमानतळावरून छोटी विमानं जातात, पण सामान साधारण पंधरा किलो आणि तेही मऊ बॅगेत. आपल्या कडक सूटकेसा तिथे चालत नाहीत.

चौथा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, तिथल्या स्थानिक भागीदाराचा. इथला एजंट कितीही नावाजलेला असो, प्रत्यक्ष काम नैरोबीची किंवा अरुशाची कंपनी करते. तिचं नाव तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपने २०१९ साली सगळे पैसे इथल्या इथे भरले. कार्यक्रमपत्रिकेत एका चांगल्या लॉजचं नाव होतं आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’. मारात संध्याकाळी पोचले तेव्हा लॉजकडे त्यांच्या नावाचं बुकिंगच नव्हतं. चालक बिचारा फोन करत राहिला. शेवटी गेटापासून लांब एका जागी सोय झाली. त्यांच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांनी आयुष्यातली पहिली परदेशवारी करणाऱ्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द दिसले की पेन्सिलीने गोल करा आणि पर्यायाचं नावही लेखी मागा.

स्थानिक कंपनी कशी तपासायची? केनियात ‘केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स’ म्हणजे ‘काटो’ नावाची संघटना आहे, टांझानियात ‘टाटो’. कंपनी सभासद आहे का, ते संघटनेकडूनच कळतं. सरकारी परवान्याची प्रत मागा. चालक-मार्गदर्शकासाठी केनियात व्यावसायिक मार्गदर्शकांची संघटना परीक्षा घेते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. आमच्या चालकाचा दर्जा कोणता, हे विचारायला लाजू नका. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा, कोणा व्यक्तीच्या खात्यात नाही. आणि अर्धे पैसे भरण्याआधी लॉजला स्वतः एक ई-मेल टाका, ‘आमच्या नावाचं बुकिंग आहे का?’ दोन ओळींचा ई-मेल, पण सगळा हिशेब तिथे उघड होतो.

चांगला भागीदार कशावरून ओळखायचा? तो न विचारता अडचण सांगतो. २०२४ च्या जूनमध्ये केनियात करवाढीविरुद्ध तरुणांची मोठी आंदोलनं झाली. आमच्या घरांतून सगळ्यांचे फोन सुरू झाले, रद्द करा म्हणून. आमच्या नैरोबीच्या कंपनीने स्वतःहून कळवलं की शहराच्या मध्यभागी तुमचा मुक्काम होता, तो विमानतळाजवळ हलवला आहे, सकाळी लवकर निघू, आणि रद्द करायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत एवढे पैसे परत मिळतील. आम्ही गेलो, आणि काहीही त्रास झाला नाही. त्यांचं कोटेशन पाचांत तिसरं होतं.

आता एक प्रसंग सांगतो, तो आमच्याच घरचा आहे. मारात तिसऱ्या दिवशी दूरवर गवतात चित्ता दिसला. मादी होती, दोन पिलं होती. रस्त्यावर चार गाड्या आधीच उभ्या होत्या. एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत आणि राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायची नाही, असा नियम आहे. आमच्या साडूभाऊंनी एवढी मोठी लेन्स खास भाड्याने आणली होती. त्यांनी पन्नास डॉलरची नोट पुढे केली आणि म्हणाले, ‘थोडंसंच आत घे.’ आमचा चालक पंचविशीतला मसाई मुलगा. त्याने नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी बंद केली आणि शांतपणे म्हणाला, ‘सर, तुम्ही परवा घरी जाल. मी इथेच असेन. ही चित्तीणही इथेच असेल.’

गाडीत कोणी बोललं नाही. संध्याकाळी शेकोटीपाशी तो स्वतःहून साडूभाऊंशेजारी येऊन बसला. त्याच्या वडिलांची वाटणीत आलेली जमीन कॉन्झर्व्हन्सीत आहे. त्या भाड्यातून बहिणीची शाळेची फी जाते. २०२० साली पर्यटक यायचे बंद झाले तेव्हा भाडं कमी झालं आणि त्यांनी गुरं विकली. परवाना गेला तर त्याची नोकरी जाते, आणि प्राणी गेले तर सगळ्या गावाचं भाडं जातं. आपण पन्नास डॉलरमध्ये नेमकं काय विकत मागत होतो, हे साडूभाऊंना त्या रात्री कळलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. मला त्या सहलीतला सर्वांत मोठा माणूस तेव्हा दिसला. साडूभाऊ की तो मुलगा, ते मी सांगत नाही.

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच विदर्भात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबित झाले ते चालक आणि गाइड, तिथल्या गावांतली मुलं. ‘अजून जवळ घे’ म्हणणारे पर्यटक नवीन वर्षाला आपापल्या घरी पोचले होते. पुढे जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीत मारा नदीच्या काठावर पर्यटक गाड्यांतून उतरून विल्डबीस्टच्या वाटेतच उभे राहिले. तोही व्हिडिओ जगभर गेला. चालकाचा दोष होताच, मी नाकारत नाही. पण मागच्या सीटवरून आलेली मागणी त्याने पुरी केली, एवढंही धरा.

म्हणून निवडताना कंपनीला मी एक प्रश्न मुद्दाम विचारतो. ‘पाहुण्याने नियम मोडायला सांगितलं तर तुमचा चालक काय करेल?’ ‘पाहुणा म्हणेल तसं’ असं उत्तर आलं की ते कोटेशन बाजूला ठेवा. वाघ हमखास दाखवतो, सिंह हमखास दाखवतो म्हणणाऱ्याचंही बाजूला ठेवा. आमच्या धंद्यात हमखास म्हणणारा सप्लायर कधी वेळेवर आला नाही.

आता थोडं चेन्नईतलं काम. केनियाचा प्रवास करून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. इथे गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा पोर्ट हेल्थच्या कार्यालयात लस मिळते. वार आणि वेळ ठरलेली असते, आधी चौकशी करून जा. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, पिवळं पुस्तक जपून ठेवा. साठीच्या पुढच्यांनी आणि ज्यांना काही आजार आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. ही लस प्रत्येकाला चालतेच असं नाही. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या. केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवानगी घ्यावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, मधले लोक उगाच जास्त पैसे घेतात.

थंडीचं सांगायला हवं. आपण चेन्नईकर आफ्रिका म्हणजे ऊन समजतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच आहे आणि एन्गोरोंगोरोचा काठ त्याहून उंच. ऑगस्टच्या पहाटे उघड्या टपाच्या जीपमध्ये आमच्या ग्रुपचे दात वाजत होते. चेन्नईत स्वेटर शोधणं हाच एक मोठा प्रकल्प होता. गावाकडून मागवून घ्या.

आणि प्लास्टिकच्या पिशव्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे, टांझानियात १ जून २०१९ पासून. आपली सवय अशी की चिवडा एका पिशवीत, ती दुसरीत, आणि चपला तिसरीत. आम्ही सगळं आपल्या तामिळनाडू सरकारच्या पिवळ्या कापडी पिशव्यांत, ‘मंजप्पै’मध्ये भरून नेलं. नैरोबीच्या विमानतळावर त्या पिशव्यांचं कौतुक झालं. चिवडा आणि लाडू हवाबंद डब्यांत नेले, ते तिसऱ्या दिवशीच संपले. त्यात चालकांचा वाटा मोठा होता.

शेवटी, ज्यांना सगळं लक्षात ठेवायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सात प्रश्न लिहून आणले आहेत. पैसे भरण्यापूर्वी एजंटला लेखी विचारा:

१. तिकडे प्रत्यक्ष काम करणारी कंपनी कोणती, आणि तिचा परवाना कुठे आहे?
२. लॉजचं नक्की नाव काय, आणि गेटापासून किती अंतरावर?
३. लॉज कोणाच्या जमिनीवर आहे, आणि त्या जमिनीच्या मालकांना त्यातून काय मिळतं?
४. उद्यानाचं शुल्क कोणत्या दराने आणि किती दिवसांचं धरलं आहे?
५. गाडी कोणती, माणसं किती, प्रत्येकाला खिडकी आहे का?
६. चालक-मार्गदर्शकाचा दर्जा काय, आणि त्याला रोजचा पगार व मुक्कामाची जागा कोण देतं?
७. रद्द झालं तर किती पैसे, किती दिवसांत, कोण परत देणार?

सहाव्या प्रश्नाचं बऱ्याच जणांना नवल वाटेल. मलाही आधी वाटलं नव्हतं की तो विचारायला हवा. पण काही ठिकाणी चालक टिपवरच जगतो आणि रात्री गाडीतच झोपतो. असा माणूस पन्नास डॉलरच्या नोटेला नाही कसं म्हणेल? आमच्या चालकाला नाही म्हणता आलं, कारण त्याला पगार होता आणि त्याच्यामागे त्याची कंपनी उभी होती. त्याचं ते ‘नाही’ आम्ही आठ महिने केलेल्या चौकशीतून मिळालं, असं मला आज वाटतं.

मसिनागुडीला विचारायचं राहून गेलं ते केनियाला विचारलं, एवढंच माझं भाषण. परतल्यावर धाकटीला फोटो दाखवले. चित्त्याच्या फोटोत चित्ता अंगठ्याएवढा आहे, बाकी सगळं गवत. ती म्हणाली, ‘लांबून काढलाय वाटतं.’ म्हटलं, हो, मुद्दाम.

ज्यांना कोटेशनांचा तक्ता हवा असेल त्यांनी माझ्याकडून जरूर न्यावा. आता चहा थंड होतो आहे आणि बटाटेवडे आल्याचा वास येतो आहे, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!